शिरपाव डोक्यावर चढवू नका

'मानाचा शिरपाव म्हणजे पगडी का? आणि हा शब्द कुठला?' असं एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय. पगडी नव्हे, बाई! परवाच आमच्या सोलापुरात एका सत्काराला निवेदक म्हणाले, 'सरांच्या शिरपावात आणखी एक तुरा!' असलं कानावर पडलं की पुढच्या भाषणात माझं लक्षच लागत नाही. तुरा खोवायचा तो शिरपेचात. शिरपेच डोक्याचा, शिरपाव सगळ्या अंगाचा.

फारसीत 'सर' म्हणजे डोकं, 'पा' म्हणजे पाय. दरबारातून मानाने मिळणारा डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख तो हिंदीत सिरोपाव, आपल्याकडे शिरपाव. 1720 साली शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची 'वस्त्रं' दिली असंच आपण म्हणतो ना? अनेकवचन उगाच नाही. आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलणारे बघा: डोक्याला फेटा, अंगात पांढरी बाराबंदी, खाली धोतर. असा अख्खा जोड कुणी मानाने दिला, तर तो शिरपाव. नुसता फेटा बांधला तर नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' सख्खी भावंडं. 'पा' आणि 'पाद' यांचंही तेच. शब्द पाहुणा म्हणून आला आणि उंबऱ्यातच नातं निघालं! मराठी कानाने 'सर'मधलं 'शिर' ओळखलं. 'सरपेच'चा शिरपेच झाला तोही असाच. म्हणून 'शब्द अस्सल संस्कृत' म्हणणारे चुकतातच, पण 'फारसी' एवढंच लिहून पुढच्या शब्दाकडे वळणारे कोशकारही वाचकाला अर्ध्यावर सोडतात. ही कंजुषी मला अजिबात पटत नाही.

आणि घोटाळा केला तो 'पाव'ने, असं माझं ठाम मत आहे. आपण पाय म्हणतो, पाऊल म्हणतो. पाव म्हटलं की पाव किलो नाहीतर बेकरीतला पाव. शब्दाचा अर्धा भाग मुका झाला, ऐकू येतं ते फक्त 'शिर', आणि पोशाख डोक्यावर जाऊन बसला. पंजाबीतला सिरोपा गुरुद्वारात आज बहुतेकदा गळ्यात घालायचं केशरी वस्त्र म्हणून मिळतो. तिथेही कापड आटलं, पण निदान खांद्यावर राहिलं.

शिरपावाचीच अरबी जोडीदारीण 'खिलत'. तिच्या धातूचा अर्थ अंगावरून उतरवणं: देणाऱ्याने स्वतःच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर घातलेलं वस्त्र.