काळ्या घोड्याचा फोटो काढताना

अगं, बडोद्याच्या काळ्या घोड्याचा, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या घोड्यावरच्या पुतळ्याचा, फोटो नुसता काळा डाग येतोय म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस. कांस्याचा गडद पुतळा आणि मागे पांढरंफटक आकाश. कॅमेरा आकाश सांभाळतो आणि सयाजीराव महाराज जातात अंधारात. मोबाईलवर घोड्याच्या मानेवर बोट दाबून उजेड वाढव. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वर घे, म्हणजे उजेड दुप्पट कर, आकाश जळालं तर जळू दे.

पण आधी कॅमेरा पिशवीत ठेव आणि एक फेरी मार. चौथऱ्याला चिकटून वर पाहिलं की घोड्याचं पोटच दिसतं, महाराज नाहीसे होतात! माझे सुरुवातीचे सगळे फोटो असेच, पोटाचे. शेजारच्या कमाटीबाग उद्यानाच्या बाजूला मागे सरक, झूम कर. मग घोडा आणि स्वार दोघं प्रमाणात बसतात. तिरपं ऊन आलं की मानेचे स्नायू, लगाम, खोगिराची कड एकेक करून उठून येतात. डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचं हे काम. लंडनमधलं १९२५चं मशीनगन कोअरचं (ब्रिटिश सैन्यातल्या मशीनगन दलाचं) स्मारकही त्याचंच.

दुपारी बाराला जाऊच नकोस. रविवारी पहाटे ये, रिक्षा कमी असतात. तारा आणि पाट्या मात्र आठही प्रहर असतात, त्या टाळायला दोन पावलं डावी-उजवीकडे हो. रस्त्याच्या मधोमध उभी राहून नेम धरू नकोस, कृपा कर.

पावसाची सर येऊन गेल्यावर एकदा बघ, ओलं कांस्य कसं चमकतं ते.