पोप म्हणतील ते, की मन म्हणेल ते?

भाऊ, जळगाव-भुसावळ अपडाउनच्या डब्यातला वाद तुम्ही मांडलात. एकाचं म्हणणं, कॅथलिक माणसाने डोकं चालवायचंच नाही, पोपचा शब्द शेवटचा. त्यावर तुमच्याच ऑफिसातला कॅथलिक मुलगा म्हणाला, चर्चचं ते नुसतं मत, आपल्या मनाला पटेल ते करावं. मी भुसावळच्या रेल्वे वस्तीत वाढलो, गेली 22 वर्षं रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण देतोय. माझ्या मते चुकलं दोघांचंही, पण मनाला लागलं ते आमच्यातल्याच त्या मुलाचं बोलणं.

आधी पोपचं. ‘पोप चुकत नाहीत’ हे 1870 साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, जाहीर केलं खरं, पण अटी कडक. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, सगळ्या ख्रिस्तसभेसाठी, म्हणजे जगभरच्या चर्चसाठी, हवा आणि कायमचा निर्णय म्हणून सांगितलेला हवा. तेव्हापासून असं एकदाच झालं, 1950 साली, येशूची आई पवित्र मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली हे पोपनी जाहीर केलं तेव्हा. पोप पत्रकारांशी काय बोलले, फादरांनी हॉलचं भाडं किती ठरवलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्या आत्याने एकदा पापनिवेदनात सांगितलं, “वर्गणीच्या हिशेबावरून मी फादरांना उलट बोलले.” फादर म्हणाले, “बाई, हिशेब दाखवणं माझं काम आहे, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.” हे तिनेच घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा केवढा मोकळा झाला होता!

म्हणून बाकीची शिकवण झटकून टाकायची असंही नाही. संततिनियमनावरचं पोपचं 1968 चं परिपत्रक त्या कडक अटींतलं नव्हे, तरी ‘मला पटत नाही’ एवढं म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

आता मनाचं. माझे वडील मालधक्क्यावर होते. सकाळी पहिलं पोतं चढण्याआधी ते काट्यावर शिक्क्याची बिडाची वजनं ठेवून बघत. मग दिवसभर काटा दाखवेल तेच पावतीवर, व्यापारी कितीही हातापाया पडो. पण काटा न तपासता ‘काट्याने असंच दाखवलं’ म्हणणं त्यांना लबाडीच वाटे. सदसद्विवेकाबद्दल चर्च हेच शिकवतं. मनाने खात्रीने दिलेला कौल पाळलाच पाहिजे. पण ते मन घडवायचं असतं, देवाच्या वचनाने आणि चर्चच्या शिकवणीने, आणि आळसापोटी अज्ञानात राहिलो तर चुकीचा दोष आपल्यालाच लागतो. सदसद्विवेक हा माणसाचा अगदी आतला गाभारा आहे असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली म्हटलं. तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलाने बहुधा तेवढंच ऐकलंय. तिथेच म्हटलंय की आत जो नियम ऐकू येतो तो माणसाने स्वतः केलेला नसतो.

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी. घरी बायको, तीन लहान मुली. हिटलरसाठी लढायला त्याने नकार दिला. ओळखीच्या धर्मगुरूंनी समजावलं, तो बिशपांना भेटला, त्यांनीही घरच्यांचा विचार कर म्हणून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. पण हे ‘मला वाटलं’ म्हणून नव्हतं, भाऊ. तो रोज मिस्साला जाई, बायबल आणि संतचरित्रं वाची, आणि चर्चने शिकवलेल्या गोष्टींवरच त्याचा नकार उभा होता. 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला. 2007 साली त्याच चर्चने त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. हा भाग मुलांना शिकवताना दर वर्षी माझा आवाज भरून येतो.

त्या मुलाला माझा निरोप द्या. कुठल्याही रविवारी मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात मी असतो. त्याला शिकवणीतलं नेमकं काय पटत नाही ते घेऊन यावं, घाई न करता बसू.