व्हिएन्नाला जावे की गुडघ्याचे कारण सांगावे?

प्रश्न: मी ६३ वर्षांची असून सांगलीतील एका शाळेतून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी म्युनिकला नोकरी करते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी तीन दिवस प्रागला गेलो होतो. सगळी आखणी तिची, सगळा खर्च तिचा, आणि मी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तिच्या मागोमाग चालत होते. किल्ल्याच्या चढावर मी गुडघा धरून थांबले तेव्हा ती चिडून म्हणाली, "आई, आधी सांगायचंस ना!" परतीच्या गाडीत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आता मे महिन्यात तिने व्हिएन्नाला तीन रात्री राहण्याचे ठरवले आहे आणि तासातासाचा तक्ता मला पाठवला आहे. त्यात कला संग्रहालयाला दीड तास आहे. सोळाव्या शतकातल्या ब्रॉयगेल या चित्रकाराची जी चित्रे मी वर्षानुवर्षे मुलांना पुस्तकातून दाखवली, ती तिथे आहेत. तिला दुखवायचे नाही. गुडघ्याचे कारण सांगून नकार देऊ का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. गुडघ्याचे कारण पुढे करू नका, असे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. गुडघा दुखतो हे खरेच आहे, परंतु ब्रॉयगेलविषयी तुम्ही जे एक वाक्य लिहिले आहे, त्याच्यासाठीच हे सारे पत्र लिहिले गेले असावे, असे मला ते वाचताना वाटले. गुडघ्यावर तुमची मुलगी लगेच उपाय शोधेल. पट्टा आणेल, टॅक्सी ठरवेल, फार तर सहल पुढे ढकलेल. तक्ता मात्र तोच राहील, आणि त्या दीड तासाविषयी दोघींपैकी कोणीच बोलणार नाही.

दीड तास म्हणजे किती थोडा वेळ, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण मुलीला ते ठाऊक असण्याचे काही कारणही नाही. ब्रॉयगेलची जेमतेम चाळीस चित्रे आज उरली आहेत आणि त्यांपैकी बारा या एका संग्रहालयात आहेत. १५६५ मधले बर्फातून परतणारे शिकारी तिथे आहेत. तीन माणसे, दमलेली कुत्री, भाल्याला लटकलेला एकुलता एक कोल्हा, आणि खाली दूरवर गोठलेल्या तळ्यांवर खेळणारी मुंगीएवढी माणसे. शेतकऱ्यांच्या लग्नाची पंगत तिथे आहे, ज्यात बिजागऱ्यांवरून काढलेल्या दारावर ताटल्या मांडून दोन वाढपी ते दार वाहून नेतात. आणि १५६० मधले मुलांच्या खेळांचे चित्र तर एखाद्या शिक्षिकेने सबंध सकाळ पाहावे असेच आहे, कारण त्यात दोनशेहून अधिक मुले ऐंशीच्या वर खेळ खेळत आहेत. आंधळी कोशिंबीर आहे, भोवरे आहेत, पाठुंगळी बसणे आहे. पुस्तकातल्या वीतभर छापील चित्रात तुम्ही विद्यार्थ्यांना जे बोटाने दाखवत आलात, ते प्रत्यक्षात पाच फुटांहून अधिक रुंद आहे.

आता तुमच्या लेकीकडे पाहू. तिला तुमच्याबरोबर वर्षाकाठी मिळणारे दिवस मोजकेच आहेत, आणि त्या मोजक्या दिवसांत आईचे काहीही पाहायचे राहू नये, या काळजीतून असा तक्ता तयार होतो. प्रागच्या चढावर ती चिडली, त्या चिडण्यात माझ्या मते राग कमी आणि घाबरणे अधिक होते. हे मी अनुभवाने सांगते. आईला घेऊन मी एकदा हंपीला गेले होते. विठ्ठलाची मूर्ती तिथे नेली गेली आणि संत भानुदासांनी ती पंढरपूरला परत आणली, ही कथा आईने लहानपणापासून ऐकलेली होती, आणि तिथल्या विठ्ठल मंदिराच्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर तिला नुसते बसायचे होते. मला मात्र सूर्यास्तापूर्वी मातंग टेकडी गाठायची होती. ती उठली, काही बोलली नाही, आणि मला ही गोष्ट तिच्या अखेरच्या आजारात कळली. तिने त्या वेळी एका वाक्याने सांगितले असते तर मी टेकडी आनंदाने सोडली असती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

म्हणून तुम्ही ते वाक्य सांगा, आणि निघण्यापूर्वीच सांगा. येत्या रविवारी फोनवर म्हणा, "मला व्हिएन्नाला यायचंय, पण मला त्या संग्रहालयात एक अख्खी सकाळ हवी आहे. दुपारी काय बघायचं ते तू ठरव." त्यापुढे प्रागचा विषय उकरून काढू नका, तिने स्वतः काढला तर "त्या दिवशी मी आधी सांगायला हवं होतं" एवढे म्हणणे पुरेसे आहे, कारण तेवढे खरेही आहे. तक्त्यावर टीकाही करू नका, त्यामागे तिच्या कित्येक रात्री गेल्या असतील.

तिला संग्रहालयात तीन-चार तास थांबवत नसेल तर तिला खुशाल बाहेर पाठवा. परक्या शहरात, भाषा येत नसताना एकटीने थांबायचे म्हणून तुम्ही बिचकाल, परंतु ही जागा त्यासाठी फार सोयीची आहे. रिंगश्ट्रासे या मोठ्या वर्तुळाकार रस्त्यालगतच्या चौकात एकसारख्या दिसणाऱ्या दोन भव्य इमारती समोरासमोर उभ्या आहेत, एक कला संग्रहालयाची आणि दुसरी निसर्गविज्ञान संग्रहालयाची, आणि त्यांच्या मधोमध सम्राज्ञी मारिया तेरेसाचा उंच पुतळा आहे. चुकामूक झाली तर त्या पुतळ्यापाशी भेटायचे, असे आधीच ठरवून ठेवा. चित्रांची दालने वरच्या मजल्यावर आहेत. पायऱ्या देखण्या आहेत, पण लिफ्टही आहे. दालनांमध्ये बसायला आसने आहेत आणि घुमटाखालीच उपाहारगृह आहे. वही नेणार असाल, आणि तुम्ही न्यावीच असे मला वाटते, तर पेन्सिलने रेखाटण्याविषयी दाराशी विचारून घ्या.

दुपारच्या कार्यक्रमात गुडघ्याविषयी मात्र संकोच न करता बोला. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो सोडून द्या; उत्तरेकडच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि तिथली प्रचंड घंटाही पाहण्यासारखी आहे. प्राटर बागेतला १८९७ चा मोठा पाळणा बंद डब्यांचा असून तो सावकाश फिरतो. आणि दिवसातून एकदा कॉफीहाउसमध्ये जाच. तिथे एका कॉफीवर, तिच्यासोबत येणाऱ्या पाण्याच्या पेल्यासह, तासन्‌तास बसण्याची रीतच आहे आणि कोणीही उठवत नाही. चालण्यातून जे बोलणे होत नाही, ते अशा बसण्यातून होते.

खर्चाविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण ते तुम्हाला सलत असावे. तिकिटे आणि हॉटेल लेकीला देऊ द्या. तिला ते द्यायचे आहे. तुम्ही थोडे युरो स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, आणि संग्रहालयाचे तिकीट व त्या दिवसाची कॉफी तुमच्याकडून असेल असे तिला आधीच सांगून टाका. त्या सकाळी ती तुमच्याकडे आलेली असेल.

मुलांच्या खेळांच्या चित्रात खाली अगदी डाव्या कोपऱ्यात दोघीजणी सागरगोट्यांसारखा खेळ खेळत बसल्या आहेत. ती जागा लेकीला लगेच दाखवू नका, तिला शोधू द्या.