जालना जिल्ह्यातल्या जि.प. शाळेसाठी पर्यावरण शिक्षणाचं प्रशिक्षण आणि मराठी साहित्य कुठे मिळेल?

आधी तुमच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) विचारा, आणि सोबत सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशनच्या पुणे कार्यालयाशी संपर्क करा. ही संस्था १९८४ पासून पर्यावरण शिक्षणात, शिक्षकांसोबतही, काम करते आणि तिचं काही साहित्य मराठीत आहे. सरकारच्या दीक्षा ॲपवर अभ्यासक्रम फुकट आहेत, पण काही अगदीच पुस्तकी.

वर्गासाठी मात्र विकतचा तक्ता नको, पर्जन्यमापक करा. मी शाळेत तीन पावसाळे हेच वापरतोय. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवा. तळ खोलगट असतो, म्हणून आत खडे टाकून त्यांच्यावर येईपर्यंत पाणी भरा. ती रेघ शून्य. पट्टी चिकटवा, रोज सकाळी ठरल्या वेळी मोजा. मग गणित: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ६ बाय ५ मीटरच्या छतावर १० मिमी पडला की ३०० लिटर. टँकरमागे घागर घेऊन पळालेली पोरं हा आकडा विसरत नाहीत! जोडीला गावातल्या एका विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीनं मोजून फळ्यावर लिहा.

फक्त एक, खासगी संस्थेचं प्रमाणपत्र सेवेत धरतीलच असं नाही. नाव नोंदवण्याआधी केंद्रप्रमुखांना विचारून घ्या.