गातच नाही, मग गायक कसा?

प्रश्न : मुलाने मला दामिर अव्दिच या बोस्नियन कलाकाराचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एकटा माणूस, हातात इलेक्ट्रिक गिटार, आणि गायचं सोडून नुसता बोलत सुटलेला! याला गाणं म्हणायचं की कविता? आणि एवढा राग कशावर?

उत्तर : मीसुद्धा पहिल्यांदा ‘आता गाईल, मग गाईल’ म्हणत ताटकळलो होतो. मग डोक्यात आलं, याच्या मुलखातलं जुनं गाणं कसं असतं? सेवदालिंका म्हणतात त्याला. त्यात अक्षर इतकं लांबवतात, घोळवतात, की दुःखही गोड लागतं. अव्दिच नेमका उलटा. अक्षर लांबवत नाही, तोडतो. खाली गिटारचा खरखरीत ठेका, वर आपटलेली वाक्यं. ऐकणाऱ्याने गोडव्यात रमून अर्थ विसरावा, हे त्याला परवडणारं नाही. मी तरी याला कविताच म्हणेन. पण गिटार काढून घेतली तर लंगडी पडेल अशी.

आता राग. हा गडी तुझलाचा. मिठाचं, कोळशाचं, कामगारांचं शहर. नावही त्यावरूनच, तुर्की भाषेत ‘तुझ’ म्हणजे मीठच. १९९२ ते १९९५ च्या युद्धात बोस्नियात लाखाच्या आसपास माणसं गेली. डेटन शांतता कराराने तोफा थंडावल्या, पण सत्तेची वाटणी बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट या तीन समाजांत झाली. जो स्वतःला यांतलं काहीच म्हणवत नाही, तो कागदोपत्री ‘इतर’. तिघांच्या राष्ट्राध्यक्ष मंडळासाठी त्याला उभंही राहता येत नाही. वर तुझलातले कारखाने खासगी हातांत जाऊन बुडाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये पगार थकलेले कामगार रस्त्यावर उतरले, ते थेट प्रांतिक सरकारची इमारत पेटेपर्यंत. अव्दिच त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत होता.

शब्दांशी खेळायची खोडही आहे त्याला. इवो आंद्रिच या नोबेलविजेत्याची ‘ना द्रिनि चुप्रिया’, म्हणजे द्रिना नदीवरचा पूल, ही कादंबरी तिकडे घरोघरी माहीत. याने आपल्या पुस्तकाला नाव दिलं ‘ना क्र्वि चुप्रिया’. रक्तावरचा पूल.

मुलाकडून ‘मृत्वि सु मृत्वि’ हा अल्बम मागून घ्या. भाषा कळणार नाही, पण पहिला शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. मेले ते मेले.