नोंदी नसतील तर रस्ता असा तपास

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या दुरुस्तीच्या जुन्या नोंदी मिळण्याची वाट बघत बसू नकोस. पावसाळ्याआधी आणि नंतर, एकेकदा चालून ये. अवजड गाड्यांच्या लेनमध्ये ३ मीटरची सरळ पट्टी आडवी ठेव, चाकोरीत, म्हणजे चाकांनी दबलेल्या खोलगट पट्ट्यात, पट्टीखाली राहणारी फट मिलिमीटरमध्ये लिही. मगरीच्या कातडीसारख्या भेगा चाकोरीतच असतील तर दोष बहुधा खालच्या थरांत. वरून नुसता पातळ थर टाकणं म्हणजे पैसे गटारात. आणि रस्त्याकडेचं खरं गटार तुंबलंय का, तेही बघ.

डांबरीकरण चालू असेल तर थर्मामीटर हवाच. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस, रोलिंगला ९० च्या खाली नको. डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला की माल वाटेतच थंड होतो; इथलं ट्रॅफिक कसं असतं, हे ठाणेकराला सांगायला नको! म्हणून मालाचं चलन (माल पाठवल्याची पावती) माग आणि प्लांटवरून निघाल्याची वेळ ताडून बघ.