वजन 18 किलोंनी उतरलंय, आता कपड्यांची स्टाईल बदलावी का? जुने अल्टर करू की नवे घेऊ?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात 18 किलो उतरलं, जुने शर्ट आणि जीन्स अंगावर लोंबतात, आणि घरचे म्हणतात, "एवढ्यात कपडे घेऊ नकोस, परत वाढलं तर?" हे शेवटचं वाक्य वाचलं आणि पेपर तपासायचं लाल पेन बाजूला ठेवून लिहायला बसले. पुरुषांच्या कपड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण 'परत वाढलं तर' या विषयावर माझा अधिकार आहे.

मी कोल्हापुरात हायस्कूलला शिकवते. आई घरी शिवणकाम करायची, 74 व्या वर्षी अजूनही करते. 2018 च्या जानेवारीत माझं वजन 78 होतं, 2019 च्या मार्चमध्ये 61. कसं उतरलं त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहाटे रंकाळ्याला फेरी आणि संध्याकाळची चहा-खारी बंद. वाढलेलं सगळं वजन मी थायरॉईडच्या नावावर खपवत आले होते. डॉक्टरबाईंनी एकदा स्पष्ट सांगितलं, "त्यातले चार-पाच किलो थायरॉईडचे धरा, बाकीचे तुमचे."

वजन उतरायला लागलं की आपल्याकडे कुणी अभिनंदन करत नाही. आधी चेहरा आणि मान वाळते, अंगावर कपडे जुन्याच मापाचे असतात, आणि लोक आवाज खाली आणून विचारतात, "शुगर निघाली का हो?" पालकसभेला आलेल्या एका आजोबांनी तर मला बसायला खुर्ची दिली. सात किलो कमी करून दाखवल्याचं हे बक्षीस! पुढच्याच रविवारी मापाचे दोन कुर्ते घेतले. सोमवारपासून एकानेही तब्येतीची चौकशी केली नाही. वजन तेच, चेहरा तोच. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच घ्या. ढगळ कपड्यात बारीक माणूस बारीक दिसत नाही, आजारी दिसतो.

आता खरी गोष्ट. मे 2019, नणंदेच्या नातवाची मुंज. मी नेसणार होते मोरपंखी सिल्क, नोकरी लागली तेव्हा 2001 साली घेतलेलं. ब्लाउज आईने शिवलेला. आदल्या दिवशी रात्री घालून बघितला तर खांदे घसरलेले, पाठीवर चोळामोळा, आणि बगलेखाली इतकं कापड की त्यात रुमाल-पाकीट राहिलं असतं. आईला फोन केला. ती रिक्षा करून आली, सोबत तिची कात्री, खडू आणि ब्लेड. सुईदोरा माझ्या घरात धड मिळणार नाही याची तिला खात्री होती.

ब्लाउज उलटा करून तिने दिव्याखाली धरला. शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते, शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात त्याला माया म्हणतात. आमची आई दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेवणारी. त्या मायेवर शिलाईच्या जुन्या खुणा होत्या, एकाला लागून एक. सिल्कवरची टीप उसवली तरी सुईची बारीक भोकं राहतात. आईने चष्मा वर सरकवला आणि नखाने एकेक रेघ दाखवत गेली. "ही पहिली, नोकरीतली. ही थोरल्याच्या बाळंतपणानंतरची. ही धाकटीच्या. आणि ही तुझ्या थायराटची." बाहेरचं मोरपंखी घामाने, धुण्याने फिकं पडलं होतं. मायेतली पट्टी मात्र काल आणल्यासारखी गडद. म्हणजे ब्लाउज मोठा करत गेलो ते दरवेळी बगलेखाली एक गडद उभा पट्टा उघडा पाडत, आणि मी इतकी वर्षं हात अंगाशी दाबून लग्नांत वावरत होते.

आता उलटा प्रवास होता. बाजूने आत घ्यायचं तर इंच-दीड इंच घेता येतं. त्याहून जास्त घेतलं की टक्स, म्हणजे छातीवरच्या शिवलेल्या चुण्या, भलतीकडे सरकतात आणि मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, वाकडा बसतो. इथे खांदाच उतरला होता. आईने दोन्ही बाह्या काढल्या, तीरा, म्हणजे खांद्याचा भाग, वर उचलला, बाह्या परत बसवल्या, मग बाजू घेतल्या. साडेअकरा वाजून गेले. मी म्हटलं, "आई, आता ही माया कापून टाक. बगलेत गोळा होतोय. मी काही परत जाड होणार नाही."

"असू दे की. काय खायला मागतीय का ती?"

"म्हणजे तू धरूनच चालतेस की माझं वजन वाढणार."

"मी कापडाचं बोलतोय, तुझं न्हाई."

मी हात पुढे केला तशी तिने कात्री उचलली, मांडीखाली ठेवली आणि त्याच्यावर बसून हुक लावायला घेतले. 74 वर्षांची नव्हती तेव्हा, पण अडुसष्ट-एकोणसत्तरची होतीच. तिच्याशी झोंबाझोंबी कुठे करणार!

मुंजीत वन्संनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "छान उतरलीस गं. आता आडव्या रेघासुद्धा चालतील तुला."

हे कुठलं ते सांगते. 2014 साली मी महाद्वार रोडवरून पांढऱ्या-निळ्या आडव्या रेघांचा सुती कुर्ता घेतला होता. घरी आणून घातला, आणि वन्सं म्हणाल्या, "अगं, आडव्या रेघा? आपल्यासारख्यांनी उभ्याच घालाव्यात. आणि जरा गडद, जरा सैल." आपल्यासारख्या म्हणे! त्या स्वतः पन्नास किलोच्या. पण मी ऐकलं. कुर्ता कपाटात गेला, आणि पुढची पाच वर्षं मी काळा, गडद निळा आणि चॉकलेटी यांपलीकडे गेले नाही, सगळं एक साईज मोठं. आणि वजन उतरल्यावर परवानगी मिळाली तेव्हा तो कुर्ता काढला तर अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसला. ज्या अंगासाठी घेतला होता त्या अंगावर तो एकदाही घराबाहेर पडला नाही. हे मला अजून लागतं.

म्हणून हेही इथेच लिहून ठेवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1867 मध्येच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच भासतो आणि उभ्या रेघांचा रुंद. बायकांच्या आडव्या रेघांच्या कपड्यांचं उदाहरणही त्यांनी तिथेच दिलंय. इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे माणसांच्या आकृत्या घेऊन पुन्हा तपासलं. आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो असं काही आढळलं नाही. मी ही माहिती आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली. नवऱ्याने अंगठा दिला. वन्संनी दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभात पाठवलं, गुलाबाच्या फुलासकट. तो वाद तिथे मिटला असं मी धरते. (त्या निष्कर्षावर पुढे उलटसुलट मतंही आली, पण ती ग्रुपवर टाकायची मला गरज वाटली नाही.)

मायेचा वाद मात्र मी हरले की जिंकले हे अजून ठरत नाही. मुंजीनंतर आईला न सांगता मी बाकीचे नऊ ब्लाउज एका टेलरकडे नेले. सगळे मापात घ्या, जादा कापा आणि कापलेली कड सुटू नये म्हणून मशीनने इंटरलॉक मारा. सुरेख बसले, एकही सुरकुती नाही. आठ-नऊ महिने मी जी काही मिरवले!

मग लॉकडाऊन. शाळा मोबाइलवर, वर कुर्ता आणि खाली गाऊन. गाऊन, इलॅस्टिक आणि नाडी या तिन्ही वस्तू माणसाला खरं सांगत नाहीत. आठ किलो परत आले आणि मला कळलं कधी, तर शाळा सुरू झाली आणि ब्लाउजचा हुक लागेना तेव्हा. नऊच्या नऊ वाया. उसवून मोठे करायला आत होतं काय, दोऱ्याची झालर! घालता आला तो एक मोरपंखी, आईने बाजूची एक टीप उसवून दिली आणि खिळ्याला अडकवून ठेवला. बोलली काही नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

तरीही मी म्हणेन की तुमच्या घरचे चुकतात. आईने ठेवली ती दोन इंच माया होती. घरचे तुम्हाला ठेवायला सांगतायत ते अख्खं कपाट. शिलाईच्या आत कापड दाबून ठेवणं वेगळं आणि रोज सकाळी जुन्या मापात शिरून ऑफिसला जाणं वेगळं. माझी आजी नऊवारी नेसायची, वर खणाची गाठीची चोळी. हुक नाही, काज नाही. सात बाळंतपणं झाली, गाठ कधी घट्ट कधी सैल, लुगडं तर वाढलेल्या पोटाला आणि उतरलेल्या पोटाला सारखंच. तिला हा प्रश्न पडलाच नसेल. आपण बेतून शिवलेल्या कपड्यांत आलो, तर वेळोवेळी बेतावं लागणार. त्यात आपल्या देशाचं स्वतःचं असं मापाचं कोष्टकच इतकी वर्षं नव्हतं. फॅशन शिकवणाऱ्या निफ्ट या राष्ट्रीय संस्थेने 2018 मध्ये सहा शहरांतल्या 25,000 लोकांची मापं घ्यायचा प्रकल्प जाहीर केला, त्याआधी सगळं परदेशी कोष्टकांवर. म्हणून एका दुकानात तुम्ही एल, शेजारच्या दुकानात डबल एक्सेल. त्या चिठ्ठीवर खूश होऊ नका आणि रडूही नका. घालून बघा.

बरं, तुमचे शर्ट. खांद्याची शिलाई दंडावर उतरली असेल तर तो शर्ट द्या कुणाला तरी, बाजूने कितीही आत घेतला तरी उसनाच दिसेल. खांदा जागेवर असेल तर बाजू घ्यायला टेलर अर्धा तास घेतो. फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिलाईत माया असते, ती कमी-जास्त दोन्ही होते. पण दोनेक इंचांहून जास्त आत घेतली तर मागचे खिसे एकमेकांना भेटायला येतात. जीन्सला माया नसते, तिची शिलाई दुमडून पक्की केलेली असते. पट्टा आवळून घातलीत की मागे पिशवीच्या तोंडासारख्या चुण्या पडतात आणि तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसतात. वजन अजून उतरतंय तोवर दोनच पँट आणि तीन शर्ट घ्या, साधे. महागडं काही शिवायचं ते वजन पाच-सहा महिने एका जागी थांबलं की, आणि तेव्हा टेलरला बजावून माया ठेवायला सांगा. रेडिमेडवाले कापड वाचवतात, शिंप्याला सांगितलं तर ठेवतो. स्टाईलचं म्हणाल तर तुम्हाला आडव्या रेघा आवडत असतील तर घ्या. आज घ्या.

एक न ताणला जाणारा, बिनइलॅस्टिकचा कपडा मात्र कपाटात हवा आणि महिन्यातून एकदा अंगावर चढवायला हवा. मी मोरपंखी ब्लाउज घालते. सध्या 66 आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये.

आणि हे खरं तर मी आधी विचारायला हवं होतं. 18 किलो तुम्ही मुद्दाम उतरवलंत ना? चालून, खाणं बघून? तुम्ही प्रश्नात कुठेच तसं लिहिलेलं नाही. काहीच न करता उतरलं असेल तर टेलरकडे नंतर जा. आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या, शुगर आणि थायरॉईड दोन्ही. त्या आवाज खाली आणून विचारणाऱ्या लोकांना मी नावं ठेवली, पण एखाद्याच्या बाबतीत त्यांचं बरोबर निघतं.